दातांच्या डॉक्टरकडे पहिल्यांदा जाताना

बाळाचा पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो. पहिली तपासणी पहिल्या वाढदिवसाच्या आत व्हावी, असं बालदंतवैद्य सांगतात. आपण मात्र गाल सुजेपर्यंत थांबतो. समजा, नातेपुत्याहून अकलूजला डॉक्टरकडे जायचं असेल, तर मुलाची झोप आणि खाणं झाल्यावरची वेळ घ्या. ‘गप बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी आधी बंद करा. ‘अजिबात दुखणार नाही’ हेही नको. दुखण्याचा विषय मुलाच्या डोक्यात आपणच घालतो. आदल्या दिवशी आजीच्या मांडीवर झोपवून ‘आ’ करायला लावा, दात मोजा. डॉक्टरही तान्ह्याला बहुधा आईच्या मांडीवरच तपासतात. दुधाचे दात 20, पडणारच म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. पण त्यातल्या दाढांनी दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत चावायचं असतं.