तोंडात तीन बोटं मावत नाहीत? सुपारीचा इशारा ओळखा

तीन बोटं एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. मावली नाहीत? कारण अक्कलदाढही असू शकते. पण सुपारीची सवय असेल आणि तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, तर लगेच दंतवैद्याला दाखवा.

नेमकं काय होतं?
सुपारीतल्या अरेकोलिनमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली कोलॅजन साठतं. गाल पांढुरका, कडक होतो. हाच ‘ओरल सबम्युकस फायब्रोसिस’. काहींना पुढे कर्करोग होतो.

तंबाखू नाही, मग धोका नाही?
चूक. नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली. साधी सुपारी मात्र सहज मिळते.

उपचार काय?
डॉक्टर तोंड किती उघडतं ते मोजतात, संशय आल्यास बायोप्सी करतात. सुपारी कायमची बंद, तोंडाचे व्यायाम, इंजेक्शन. आजार वाढला असेल तर शस्त्रक्रिया. कडक झालेला गाल पूर्ववत होणं कठीण, म्हणून आजच तपासा.