मलिदा

कोकणातील बेने इझ्राएल या मराठीभाषक ज्यू समाजाचा एक विधी व त्यातील प्रसाद. ‘मलिदा’ हा शब्द मूळचा फार्सी. नवस फेडताना, तसेच लग्न, गृहप्रवेश इ. प्रसंगी हा विधी करतात. भिजवलेले पोहे, गूळ व ओले खोबरे एकत्र कालवून ताटात ठेवतात आणि सभोवती फळे व सुगंधी फुले मांडतात. ‘शेमा’ हे ईश्वराच्या एकत्वाची ग्वाही देणारे हिब्रू वचन म्हटल्यावर एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे स्तोत्र गातात. झाडावरची फळे, जमिनीत उगवणारे अन्न व सुगंध यांबद्दल ईश्वराला स्वतंत्रपणे धन्यवाद देऊन प्रसाद वाटला जातो.

बायबलमधील कथेनुसार एलियाहू अग्निरथाच्या साक्षीने सदेह स्वर्गाला गेला. अलिबागजवळील खंडाळे येथे तो प्रकट झाला, अशी या समाजाची श्रद्धा असून तेथील खडकावरील खुणा त्याच्या रथाच्या मानतात.

परंपरेनुसार नौगाव (ता. अलिबाग) येथील किनाऱ्यालगत जहाज फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले. आगमनाच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शब्बाथची विश्रांती यांमुळे या लोकांना ‘शनवार तेली’ म्हणत. सुंता, आहाराचे निर्बंध व शेमा त्यांनी जपला. त्यांच्या सणांना ‘नव्याचा सण’, ‘बिरड्याचा सण’ अशी मराठी नावे पडली. मुंबईत 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी पहिले सिनॅगॉग बांधले. पुण्यात 1874 मध्ये वल्हांडण सणाच्या ‘हग्गादा’ या पोथीची मराठी भाषांतरासह सचित्र आवृत्ती निघाली.

मलिद्याचे ताट नैवेद्यासारखे दिसते. त्यामुळे हा विधी शेजारधर्मातून उसना घेतला, असे म्हटले जाते. हे मत अर्धेच खरे आहे. द्रव्ये, मांडणी व नाव या भूमीचे आहे. परंतु स्तवन एकाच ईश्वराचे होते, एलियाहू हा पूज्य देव नसून त्याचा दूत आहे. ज्या समाजाजवळ ग्रंथ नव्हता, त्याने आपली श्रद्धा ताटातील पदार्थांतून पुढील पिढीच्या हाती दिली. प्रतीक बाहेरून आले, तरी त्याचा अर्थ ते वापरणारा समाज ठरवतो.

या समाजाच्या ओळखीला पुढे आव्हान मिळाले. इझ्राएलमधील प्रमुख धर्मपीठाने 1962 मध्ये बेने इझ्राएलांच्या इतर ज्यूंशी होणाऱ्या विवाहांपूर्वी वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. समाजाने तीव्र निषेध केला. ऑगस्ट 1964 मध्ये तेथील संसदेने बेने इझ्राएल हे सर्वार्थांनी ज्यू असल्याचे मान्य केले. बहुसंख्य समाज तेथे स्थायिक झाला असला, तरी मलिदा त्याने सोडलेला नाही. कोकणात जो विधी ज्यू असल्याची खूण होता, तोच इझ्राएलमध्ये कोकणचे असल्याची खूण ठरला आहे.