लोहचुंबकाकडे धावणारा द्रव

खानापूर तालुक्यातील जांबोटीच्या परिसरात जांभा दगड व तांबडी माती विपुल आहे. हा तांबडेपणा लोहाच्या संयुगांचा होय. तथापि लोहचुंबक जवळ नेला असता या मातीचे ढेकूळ जागचे हलत नाही. जांभ्यातील लोह मुख्यत्वे हेमाटाइट व गोएथाइट या रूपांत असते आणि त्यांचे चुंबकत्व अतिशय क्षीण असते. याउलट मॅग्नेटाइट हे काळे खनिजही लोह आणि प्राणवायू यांचेच बनलेले असून लोहचुंबक त्यास तत्काळ ओढून घेतो. चुंबकीय द्रवाचा मूळ घटक बहुधा हेच मॅग्नेटाइट असते.

लोखंड वितळवून असा द्रव का मिळू नये, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सियसला आपले प्रबळ चुंबकत्व गमावते. वितळते मात्र १५३८ अंशांस. बेळगावच्या ओतशाळांत साच्यात ओतला जाणारा बिडाचा रसही याच कारणाने लोहचुंबकास दाद देत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी निराळा मार्ग धरला. १९६३ च्या सुमारास अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेतील स्टीव्ह पॅपेल यांनी मॅग्नेटाइटची भुकटी रॉकेल व ओलेइक आम्ल यांसह पोलादी गोळ्यांच्या गिरणीत दीर्घकाळ दळली. अंतराळात वजनरहित अवस्थेत टाकीतील इंधन पंपाच्या तोंडाशी राहत नाही. ते चुंबकाने ओढून आणावे, असा त्यांचा हेतू होता. तो उपयोग रूढ झाला नाही. द्रव मात्र टिकला.

या द्रवातील कणांचा व्यास सुमारे १० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा एक लक्षांश असतो. एवढ्या सूक्ष्म कणांना सभोवतालचे रेणू उष्णतेमुळे सतत धक्के देत राहतात आणि ते तळाशी बसत नाहीत. परंतु कण परस्परांस चिकटून मोठे झाले की सारेच फसते. ओलेइक आम्लाचे रेणू प्रत्येक कणाभोवती लव असल्याप्रमाणे उभे राहून त्यांना दूर ठेवतात. द्रवाची सारी करामत या लवेत आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. प्रबळ चुंबक खाली धरताच द्रवाच्या पृष्ठभागावर साळिंदराप्रमाणे काटे उभे राहतात. चुंबक काढून घेताच पृष्ठभाग पूर्ववत् सपाट होतो.

यंत्रशास्त्रात या द्रवाचा मोठा उपयोग फिरत्या दांड्याभोवतीची फट बुजविण्यासाठी होतो. रबरी वा चामडी वायसर घासून झिजतो. चुंबकाने धरून ठेवलेले द्रवाचे कडे मात्र न झिजता हवा व धूळ अडविते. एक कडे वातावरणाच्या दाबाचा काही अंशच सोसू शकते. म्हणून अनेक कडी ओळीने योजतात. ध्वनिवर्धकात हाच द्रव तारेच्या वेटोळ्याची उष्णता बाहेर नेतो. भारतात भावनगर येथील विद्यापीठात आणि कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात या विषयावर संशोधन झाले आहे.

येथे शेतकरी बांधवांनी एक भेद ध्यानी ठेवावा. नळास चुंबक बसवून पाणी ‘चुंबकीय’ करून देण्याचा दावा करणारी उपकरणे बाजारात मिळतात. वर वर्णिलेल्या द्रवाशी त्यांचा काहीही संबंध नाही. पाण्यास चुंबक किंचित दूर लोटतो, ओढून घेत नाही. आणि चुंबकापासून दूर गेलेले पाणी चुंबकत्व साठवून ठेवीत नाही. अशा उपकरणावर खर्च करण्यापूर्वी, आपल्यासारख्याच जमिनीत व त्याच पिकावर, उपकरणासह आणि उपकरणाविना घेतलेल्या चाचणीचे आकडे विक्रेत्याकडे मागावेत व ते कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांस दाखवावेत. पाणी खारट वा जड असल्यास त्याचा नमुना आधी प्रयोगशाळेत तपासून घेणे अल्पखर्चाचे होय.