जलरंग मार्कर : रेखाटनाचे तंत्र व रंगांचा टिकाऊपणा

प्रस्तावना :
क्षेत्रभेटीत फुलाचा, खडकाच्या थराचा किंवा जुन्या वास्तूच्या भिंतीचा रंग जागेवरच टिपण्यासाठी जलरंग मार्कर हे सोयीचे साधन आहे. रंगांच्या ट्यूब व पॅलेट यांचा भार त्यामुळे वाचतो. मात्र ही सोय स्वीकारताना टिपलेला रंग किती काळ टिकेल, हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात या माध्यमाची रचना, तंत्र व टिकाऊपणा यांचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

माध्यमाचे स्वरूप :
तंतूंच्या टोकाचा पेन टोकियो येथे युकिओ होरिए यांनी १९६२ मध्ये विकसित केला. जलरंग मार्करची मूळ रचना तीच आहे. नळीतील तंतुमय गाभ्यात शाई साठविलेली असते व ती केशाकर्षणाने टोकापर्यंत येते. शाई मात्र दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात रंजक पाण्यात पूर्णतः विरघळलेले असते. ते कागदाच्या तंतूंत शिरते. दुसऱ्या प्रकारात रंगद्रव्याचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. बंधकद्रव्याच्या साहाय्याने ते कागदाला धरून राहतात. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन मार्करांत हा मूलभूत भेद असू शकतो.

रंगविण्याचे तंत्र :
आकृतीच्या कडेला मार्करने रेघ ओढून ती सुकण्यापूर्वी ओल्या कुंचल्याने आत ओढल्यास गडद रंगाकडून फिकट रंगाकडे जाणारी छटा मिळते. शोषक कागदावर रेघ चटकन मुरते व पुसट होत नाही. म्हणून प्रति चौरस मीटर ३०० ग्रॅम वजनाचा, पृष्ठभागावर खळ असलेला जलरंगाचा कागद योग्य ठरतो. कोमल छटा हवी असल्यास मार्कर प्लास्टिकच्या तुकड्यावर घासून तेथील रंग कुंचल्याने उचलावा. फिकट छटा आधी व गडद छटा नंतर द्यावी. पहिला थर पूर्ण सुकू द्यावा. बाह्यरेषा पाण्याने न विरघळणाऱ्या शाईने काढाव्यात.

काळ्या वा करड्या मार्करची रेघ ओली केली असता तिच्या कडेने निळसर, गुलाबी छटा फुटलेल्या अनेकदा दिसतात. शाईतील निरनिराळी रंजके पाण्याबरोबर कमी-अधिक अंतर जातात, हे त्याचे कारण होय. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील कागदी क्रोमॅटोग्राफीचे तत्त्व हेच आहे.

टिकाऊपणाचा प्रश्न :
जलरंगांवरील प्रकाशाच्या परिणामाविषयी वॉल्टर रसेल व विल्यम ॲबनी यांचा अहवाल इंग्लंडमध्ये १८८८ साली प्रसिद्ध झाला. अनेक रंग प्रकाशाने फिकट होतात आणि त्या क्रियेत हवा व आर्द्रता यांचा मोठा वाटा असतो, असे त्यांनी प्रयोगांनी दाखविले. रंजकाधारित शाईला हा धोका विशेष असतो. शिवाय मिश्र शाईतील सर्व घटक एकाच वेगाने उडत नाहीत. त्यामुळे जांभळ्या फुलाचे चित्र कालांतराने निळे दिसू शकते. असे चित्र केवळ फिके होत नाही. अभ्यासाचे साधन म्हणून ते चुकीची माहिती देऊ लागते.

यावर एक साधी चाचणी करता येते. प्रत्येक मार्करचा पट्टा एकाच कागदावर ओढावा, त्याचा अर्धा भाग जाड काळ्या कागदाने झाकावा व दिनांक लिहून तो उन्हाच्या खिडकीत ठेवावा. काही आठवड्यांनी दोन्ही भागांची तुलना केल्यास कोणता रंग विश्वसनीय आहे, याचा अंदाज येतो. खरेदी करताना रंगाच्या आकर्षक नावापेक्षा रंगद्रव्याचा संकेतांक पाहावा. उदाहरणार्थ, ‘पीबी २९’ म्हणजे अल्ट्रामरीन निळा.

समारोप :
जलद टिपण व रंगयोजनेचा सराव यांसाठी रंजकाधारित मार्कर पुरेसे आहेत. अशी कामे बंद वहीत, प्रकाशापासून दूर ठेवावीत. विभागाच्या संग्रहात जाणाऱ्या चित्रांसाठी मात्र चाचणीत उतरलेले, रंगद्रव्ययुक्त मार्करच वापरावेत. चित्राशेजारी मार्करचा प्रकार, दिनांक व रंगाचे शब्दांतील वर्णन लिहिण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी. पुढे रंग उडाला, तरी निरीक्षण शिल्लक राहील.