वाण आणि गुण : बाळाच्या मेंदूविषयीचे काही गैरसमज

बारशाच्या दिवशी पाळण्याभोवती जमलेल्या आप्तमंडळींचे कामकाज एखाद्या वाटणीच्या दाव्याप्रमाणे चालते. नाक आजोबांच्या खात्यावर जमा होते, कपाळ मामाकडे जाते, वर्णाविषयी उभय पक्षांत थोडी हुज्जत होते. आणि बारा दिवसांच्या त्या जीवाने अद्याप जगाकडे धड पाहिलेलेही नसते, तोच त्याची बुद्धी कोणत्या घराण्यातून आली याचाही फैसला कोणीतरी करून टाकतो. आपल्या म्हणी या दाव्यात दोन्ही बाजूंनी साक्ष देतात. ‘खाण तशी माती’ असे बजावणारा समाजच ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ असेही म्हणतो, आणि या दोन्ही साक्षी एकाच वेळी खऱ्या कशा, याची उलटतपासणी सहसा कोणी करीत नाही. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७४ साली इंग्लंडमधील शास्त्रज्ञांविषयीच्या आपल्या ग्रंथात निसर्ग आणि संगोपन ही जोडी परस्परांसमोर उभी केली, तेव्हापासून विज्ञानातही हा दावा दीर्घकाळ याच स्वरूपात लढवला गेला. त्यातून जे गैरसमज घरोघर रुजले, त्यांपैकी पाचांचा येथे परामर्श घेऊ.

गैरसमज पहिला : जे वंशागत, ते अटळ

वस्तुस्थिती : १९३४ साली ऑस्लो येथे एक आई आपल्या दोन मुलांना घेऊन आस्ब्यर्न फलिंग या वैद्याकडे आली. दोन्ही मुलांची बौद्धिक वाढ खुंटलेली होती आणि त्यांच्या लघवीला एक चमत्कारिक वास येतो, हे त्या माउलीच्या केव्हाच ध्यानात आले होते. फलिंग यांनी नमुन्यात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले, तो तो गडद हिरवा झाला. आणि त्या हिरव्या रंगाचा माग काढीत ते ज्या विकारापर्यंत पोहोचले, त्याला आज फेनिलकीटोन्युरिया म्हणतात. प्रथिनांतील फेनिलअ‍ॅलानिन या घटकाची विल्हेवाट लावणारे यकृतातील विकर ज्या जनुकाच्या हुकमाने तयार होते, त्या जनुकाच्या आईकडून व बापाकडून आलेल्या दोन्ही प्रती सदोष निघाल्या, म्हणजे हा घटक रक्तात साचत जातो आणि वाढत्या मेंदूची हानी करतो. आईबाप स्वतः मात्र धडधाकट असतात, कारण त्यांच्यापाशी एकेक निर्दोष प्रत शिल्लक असते.

याहून निखळ वंशागत विकार सापडणे कठीण. तथापि बर्मिंगहॅम येथे हॉर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लहान मुलीच्या आहारातून हा घटक बहुतांशी वगळला, आणि १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तान्तानुसार, सतत रडणारी आणि डोके आपटून घेणारी ती मुलगी काही महिन्यांत शांत झाली, रांगू लागली, उभी राहू लागली. पुढे १९६० च्या दशकाच्या आरंभी रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताचा थेंब टिपकागदावर घेऊन करावयाची सोपी परीक्षा सिद्ध केली. हानी होण्यापूर्वीच निदान होऊन पथ्य सुरू झाले आणि ते नेटाने पाळले गेले, तर अशी बालके सर्वसामान्य बुद्धीची होऊ शकतात. जनुक बदललेले नाही, ताट बदलले आहे. इतर बाळांना पोसणारे दूध या एका बाळाला बेताबेतानेच द्यावे लागते, आणि हे कळायला त्याच्या टाचेतील रक्ताचा थेंब पुरतो.

गैरसमज दुसरा : बुद्धीत नऊ आणे रक्ताचे, सात आणे संस्कारांचे

वस्तुस्थिती : जुळ्यांच्या अभ्यासांतून ‘वंशागततेचे प्रमाण’ म्हणून एक आकडा निघतो आणि वर्तमानपत्रांतून तो आणेवारीसारखा वाचला जातो, जणू प्रत्येक मुलाच्या डोक्यात दोन हिस्सेदारांची हद्द आखून खुणेचे दगड रोवलेले आहेत. वास्तविक हा आकडा एका मुलाविषयी काहीच सांगत नाही. विशिष्ट समाजात, विशिष्ट काळी, माणसामाणसांत जो फरक दिसतो त्याचा कितवा भाग जनुकांतील फरकाशी निगडित आहे, एवढेच तो सांगतो. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी मक्याच्या बियाण्याचा दिलेला दृष्टान्त आपल्या शिवारात आणून पाहावा. जोंधळ्याच्या एकाच पोत्यातील सरमिसळ बियाणे घेऊन निम्मे काळ्या कसदार रानात आणि निम्मे माळाच्या मुरमाड पट्टीत पेरले, तर प्रत्येक वावरात, जमीन सर्वत्र सारखी असल्यामुळे, ताटाताटांतील फरक बियाण्याचाच असेल; परंतु काळ्या रानातील पीक डोक्याएवढे आणि माळावरचे गुडघ्याएवढे का, याचे संपूर्ण उत्तर जमिनीत सापडेल. माणसाची उंची ही अत्यंत वंशागत गोष्ट समजली जाते, आणि तरीही गेल्या दीडशे वर्षांत डच पुरुषांची सरासरी उंची २० सेंटिमीटरच्या आसपास वाढली. एवढ्या अवधीत त्या राष्ट्राचे बियाणे बदललेले नाही.

गैरसमज तिसरा : मूल म्हणजे कोरी पाटी, उणे निघाले तर आईचे चुकले

वस्तुस्थिती : पहिल्या गैरसमजाच्या विरुद्ध टोकाला जाऊन बसलेला हा समज दिसायला उदार, परंतु वागायला फार निष्ठुर आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली स्वमग्न मुलांचे वर्णन केल्यानंतर, आईच्या मायेच्या अभावामुळे मूल असे होते, ही उपपत्ती काही दशके मान्यता पावली, आणि आधीच खचलेल्या मातांवर अपराधाचा आरोप ठेवला गेला. १९७७ साली सुसान फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकबीज जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती. द्विबीज जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत तसे नव्हते. नमुना लहान असला, तरी पुढील अभ्यासांनी जनुकांचा मोठा वाटा वारंवार दाखवून दिला. आपल्याकडे आजही ‘तू त्याच्याशी बोलत नाहीस, म्हणून तो बोलत नाही’ असे सुनेला ऐकवले जाते. त्या वाक्याला शास्त्राचा आधार नाही.

गैरसमज चौथा : गर्भाला ऐकवाल तसे मूल निपजेल

वस्तुस्थिती : सुभद्रेच्या उदरात चक्रव्यूहाचा भेद ऐकणाऱ्या अभिमन्यूची कथा महाराष्ट्रात गर्भसंस्काराच्या प्रत्येक व्याख्यानाला पुरते, आणि अलीकडे तिच्या जोडीला मोझार्टचे संगीतही येऊन बसले आहे. ज्या प्रयोगाचा दाखला त्यासाठी दिला जातो, तो १९९३ साली कॅलिफोर्नियात झाला; त्यात एकही बालक नव्हते, ३६ महाविद्यालयीन विद्यार्थी होते, आणि आकृत्यांविषयीच्या कोड्यांत त्यांना मिळालेला किंचित लाभ दहा-पंधरा मिनिटांत विरून गेला. असे असूनही जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी १९९८ साली प्रत्येक नवजात बालकास संगीताची ध्वनिमुद्रिका देण्याकरिता १,०५,००० डॉलरांची मागणी अंदाजपत्रकात केली!

गर्भ ऐकतो, हे मात्र खरे. सहाव्या महिन्याच्या सुमारास तो आवाजाला प्रतिसाद देऊ लागतो आणि जन्मल्यावर आईचा स्वर परक्या स्वरातून ओळखतो. परंतु त्याच्यापर्यंत पोहोचते ती बोलण्याची लय, व्यूहरचना नव्हे. गर्भाचे खरे क्षेत्र आईच्या रक्तात आहे. ज्या नलिकेतून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते, म्हणजे पुष्कळदा दिवस गेल्याची वार्ता घरात कळण्यापूर्वीच; आणि त्या वेळी आईच्या शरीरात फॉलिक आम्ल पुरेसे असणे हा कोणत्याही श्रवणापेक्षा मोठा संस्कार होय. हिमालयाच्या पायथ्याच्या कांग्रा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला आणि गलगंडाचे प्रमाण घटवून दाखवले. ज्या आयोडीनच्या अभावी आईचा गळा सुजतो, त्याच्याच तीव्र अभावी पोटातील मुलाचा मेंदू कायमचा पंगू होऊ शकतो. १९६२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रमामागे हीच हकिगत आहे.

गैरसमज पाचवा : पाय पाळण्यातच दिसतात, तीन वर्षांनंतर दार बंद

वस्तुस्थिती : शिकागो येथे पीटर हुटेनलोखर यांनी मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंतील पेशींचे सांधे सूक्ष्मदर्शकाखाली अक्षरशः मोजले, तेव्हा असे आढळले की बालपणी हे सांधे गरजेहून पुष्कळ अधिक निर्माण होतात आणि मग छाटले जातात, दृष्टीच्या भागात ही छाटणी लवकर होते, तर कपाळामागच्या, विवेकाशी संबंधित भागात ती पौगंडावस्थेतही चालू राहते. भरघोस फुटवा यावा ही व्यवस्था जनुकांची आहे; कोणती फांदी राखावी, हे मात्र बव्हंशी अनुभवावर ठरते.

याचे सर्वांत मनोहर उदाहरण आपल्या वर्णमालेतच आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४ साली कॅनडात दाखवून दिले, की इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांची बालके हिंदीतील ‘ट’ आणि ‘त’ यांतील फरक ओळखतात, आणि वर्षाची होईतो त्यांपैकी बहुतेकांची ही ओळख मावळते. हिंदी घरांतील बालकांची मात्र टिकून राहते. ‘टाट’ आणि ‘ताट’ हे शब्द वेगळे ऐकू येणे हे मराठी रक्ताचे वतन नव्हे; ती सनद प्रत्येक मानवी अर्भकापाशी असते. घरात तिचा उपयोग होत राहिला, तर ती चालू राहते एवढेच.

असे संवेदनशील अवधी असतात, पण त्यांना अडसर घातलेले दार समजू नये. जन्मजात मोतीबिंदूमुळे अंध राहिलेल्या मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया करून त्यांच्या दृष्टीचा अभ्यास करणाऱ्या पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात, आठ-दहा वर्षे उलटलेली मुलेही वस्तू आणि चेहरे ओळखण्यास शिकली. नजरेची धार पूर्णपणे आली नाही, म्हणजे विलंबाची किंमत पडली. परंतु दार उघडे होते.

सारांश, बीज आणि क्षेत्र यांचा दावा वाटणीपत्राने सुटण्याजोगा नाही, कारण मिळकत दोघांची सामायिक आहे. बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानाशी वाकून ‘कुर्रर्र’ करते आणि त्याचे नाव सांगते, तेव्हा तो कान जनुकांच्या आराखड्याने आणि आईच्या मिठातील आयोडीनने मिळून घडलेला असतो. नाव बाहेरून येते. त्या नावात ‘ट’ आहे की ‘त’, हे ते बाळ घरातले बोलणे ऐकत ऐकत वर्षभरात पक्के करून घेणार असते. नाक कोणाचे, याची हुज्जत तोवर पाळण्याभोवती खुशाल चालू द्यावी.