फितुर सरदार आणि संगणक

बंद पडलेलें यंत्र निदान मुकें तरी राहतें. परंतु जें बिघडूनहि बोलत राहतें, आणि एकास एक व दुसऱ्यास भलतेंच सांगतें, त्याचें काय करावें? अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील एस्. आर्. आय्. या संशोधनसंस्थेंत विमानाचें नियंत्रण करणाऱ्या संगणकांचा विचार चालू असतां हा प्रश्न उभा राहिला. एक निर्णय अनेक संगणकांनीं मिळून घ्यावयाचा आणि त्यांतील एक खोटें बोलूं लागला, तर प्रवाशांच्या जिवावर बेतावयाचें! १९८२ सालीं लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टाक व मार्शल पीझ यांनीं हा प्रश्न बायझंटाइन सेनापतींच्या कथेच्या रूपानें मांडला. (लॅम्पोर्ट यांनीं प्रथम आल्बेनियन सेनापति योजिले होते, पण कोणाचें मन दुखवूं नये म्हणून लयास गेलेलें साम्राज्य निवडलें.)

शहराला वेढा पडला आहे असें समजा. छावण्या दूरदूर, निरोप जासुदांनींच न्यावयाचे. सेनापति दोन सरदारांस 'चढाई' किंवा 'माघार' अशी आज्ञा धाडतो. इमानी सरदारांनीं एकच कृति करावयाची, आणि सेनापति इमानी असेल तर त्याचीच आज्ञा पाळावयाची. पण तिघांपैकीं कोणी एक फितुर आहे. पहिल्या सरदारास 'चढाई' असा निरोप येतो, दुसरा त्यास कळवितो, "मला तर 'माघार' अशी आज्ञा झाली." लबाड कोण? सेनापतीनें दोघांस दोन आज्ञा दिल्या असतील, किंवा दुसरा सरदार थाप मारीत असेल. पहिल्याच्या कानीं आलेले शब्द दोन्ही प्रसंगीं अगदीं तेच! निरोपांच्या कितीहि फेऱ्या झाल्या तरी ही कोंडी फुटत नाहीं.

तिसरा सरदार आला कीं ती फुटते. एक सरदार फितुर असेल, तर प्रत्येक इमानी सरदाराजवळ दोन खरे निरोप व एक खोटा, बहुमत खऱ्याचें. सेनापतीच फितुर असेल, तर तिन्ही सरदार आपापल्या आज्ञा एकमेकांस प्रामाणिकपणें कळवितात. तिघांपुढें तेच तीन निरोप, म्हणून निर्णयहि एकच. एका फितुरास असे ४ जण लागतात, दोघांस ७, तिघांस १०.

हा खर्च थोडका नव्हे. मात्र आज्ञेवर शिक्कामोर्तब असेल, तर तिघेहि पुरतात. सरदारांनीं आलेला मूळ खलिताच एकमेकांस दाखवावयाचा. सरदारास तो बदलतां येत नाहीं. सेनापतीनें दोन निराळे खलिते धाडले असतील, तर दोन्हींवरील त्याचाच शिक्का त्यास उघडा पाडतो, आणि दोघे आधीं ठरविल्याप्रमाणें माघार घेतात. संगणकाचा शिक्का गणिती असतो. रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनीं १९७७ सालीं शोधलेल्या रीतींत तो गुप्त अंकांनीं उठवितात व जाहीर अंकांनीं कोणासहि ताडून पाहतां येतो.

निरोप ठराविक वेळांत पोहोंचलाच पाहिजे, हें मात्र दोन्ही उपायांत गृहीत आहे. खलिता आलाच नाहीं, तर जासूद वाटेंत रेंगाळला कीं सरदारानें तो धाडलाच नाहीं, हें शिक्का सांगूं शकत नाहीं.