सडक्या द्राक्षांचं तारण

सडलेलं द्राक्ष तोंडात टाका, असं मला कधी कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. त्यातून मी तासगावच्या बागायतदारांची कर्जं मंजूर करण्यात उमेदीची सहा वर्षं घालवलेला माणूस. मण्यावर बुरशी दिसली की बागायतदाराचा चेहरा कसा उतरतो आणि त्यापाठोपाठ शाखेच्या वसुलीचा आकडा कसा उतरतो, हे मी फार जवळून पाहिलं आहे. पण 2023 च्या ऑक्टोबरात हंगेरीच्या ईशान्येकडच्या माद नावाच्या खेड्यात, एका टेकडीच्या उतारावर, द्राक्षं तोडणाऱ्या एका आजीबाईंनी सुरकुतलेला, चॉकलेटी पडलेला, अंगावर राखाडी लव आलेला एक मणी माझ्या तळहातावर ठेवला आणि खुणेनं सांगितलं, खा.

खाल्ला. पहिल्यांदा बेदाण्याची गोडी आली. मग मागून असा आंबटपणा आला की मला आईच्या बरणीतला मुरलेला मोरावळाच आठवला.

भाचा बुडापेस्टला नोकरीला आहे. त्याच्या आग्रहानं आम्ही दोघं नवरा-बायको महिनाभर तिकडे गेलो होतो. रेल्वेनं अडीच-तीन तासांवर टोकायचा द्राक्षप्रदेश आहे, तो पाहून येऊ, असं तो म्हणाला तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "चौतीस वर्षं बँकेत काढली, आता म्हातारपणी दारूचा कारखाना बघायचा राहिलाय!" वाचकांपैकीही काहींच्या मनात हेच आलं असेल. तेव्हा आधीच सांगून टाकतो, मद्याची भलामण करण्यासाठी हा लेख नाही. मला तिथं जे दिसलं ते माझ्या जुन्या धंद्याशी, म्हणजे पैशाशी आणि वाट पाहण्याशी संबंधित होतं.

धुकं, बुरशी आणि बायकांचे हात

टोकाय गावापाशी बोद्रोग नदी तिसा नदीला मिळते. शरद ऋतूत या पाण्यावरून पहाटे दाट धुकं उठतं आणि टेकड्यांवरच्या बागांत शिरतं. दुपारी ऊन पडतं, वारा सुटतो, बागा सुकतात. या ओल-सुकीच्या खेळात फुरमिंट आणि हार्शलेव्हेल्यू या जातींच्या पिकल्या मण्यांवर बोट्रायटिस नावाची बुरशी धरते. हीच बुरशी सततच्या पावसात आली तर घडच्या घड नासवते. पण इथं ती मण्याच्या सालीला बारीक छिद्रं पाडते, आतलं पाणी उडून जातं आणि साखर, आंबटपणा, सुगंध सगळं आटून घट्ट होऊन बसतं. अशा मण्याला तिकडे 'ऑसू' म्हणतात. आपण शेडमध्ये रॅकवर द्राक्षं वाळवून बेदाणा करतो. तिथं बुरशी ते काम वेलीवरच करते.

मात्र सगळा घड एकदम असा होत नाही. म्हणून बायका एकाच वेलीपाशी पुन्हा पुन्हा येतात आणि घडातला एकेक मणी निवडून खुडतात. दिवसभर राबून एकीच्या पाटीत आठ-दहा किलो पडले तरी खूप. माझ्यातला बँकवाला लगेच गुणाकाराला बसला. जुनं माप असं की 136 लिटरच्या पिपात 'पुत्तोन्य' नावाच्या लाकडी बुट्ट्या भरून हे मणी घालायचे. एका बुट्टीत साधारण 25 किलो. पाच बुट्ट्यांची वाइन करायची तर सव्वाशे किलो मणी, म्हणजे एका बाईची बारा-पंधरा दिवसांची मजुरी, एका पिपासाठी! हे मणी साध्या वाइनमध्ये किंवा आंबणाऱ्या रसात भिजवतात, मग पिळतात. पुढे नियमानं किमान दीड वर्ष लाकडी पिपात आणि प्रत्यक्षात बऱ्याचदा त्याहून जास्त काळ तळघरात. साठवलेल्या मण्यांतून आपल्याच भारानं जो दाट रस ठिबकतो तो 'एसेन्सिया'. त्यात साखर इतकी असते की तो आंबायलाच कित्येक वर्षं घेतो. तो चमच्यानं देतात, आपण च्यवनप्राश देतो तसा. आणि एखाद्या वर्षी बुरशी आलीच नाही, तर ऑसूही नाही.

असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर? उत्पन्न अनिश्चित, मजुरी अवाढव्य, माल विकायला तीन-चार वर्षं, आणि तारण काय, तर सडकी द्राक्षं! मी फाइल बंद केली असती.

राजांची वाइन

तरीही हा धंदा काही शतकं चालला. सतराव्या शतकात लढाईच्या भीतीनं तोडणी लांबली आणि सेप्शी लात्स्को माते नावाच्या धर्मोपदेशकानं वाळलेल्या मण्यांतून ही वाइन पहिल्यांदा केली, अशी दंतकथा आहे. जुनी कागदपत्रं मात्र ऑसूला त्याच्याही मागं नेतात. या भागातल्या मोठ्या जहागिरी राकोत्सी घराण्याकडे होत्या. दुसऱ्या फेरेन्त्स राकोत्सीनं ऑस्ट्रियाच्या सम्राटाविरुद्ध 1703 ते 1711 स्वातंत्र्ययुद्ध केलं, तेव्हा फ्रान्सच्या चौदाव्या लुईची मर्जी राखायला त्यानं हीच वाइन पाठवली. 'राजांची वाइन, वाइनचा राजा' हे बिरुद तेव्हापासूनचं असं सांगतात. युद्ध हरलं, राकोत्सी परागंदा झाला, पण वाइनचा दबदबा राहिला. रशियाच्या दरबारानं तर खरेदीसाठी आपली माणसंच तिथं बसवली. 1737 च्या राजाज्ञेनं या प्रदेशाची सीमा आखली गेली. कुठल्या टेकडीचा कुठला उतार पहिल्या प्रतीचा, याची प्रतवारीही अठराव्या शतकातच झाली. आपल्याकडे जमिनीची प्रत सातबाऱ्यावरून कळते, तशी तिथं बागेच्या नावावरून कळे.

मग पडझड सुरू झाली. 1880 च्या दशकात फायलोक्झेरा या किडीनं वेली मुळासकट संपवल्या. पुन्हा लावल्या, तर पहिल्या महायुद्धानंतर देशाचे लचके तुटले. सगळ्यात मोठा घाव 1944 चा. मादमध्ये 1795 सालचं एक देखणं सिनेगॉग आहे, पिवळसर भिंतींचं. या भागातला वाइनचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या ज्यू कुटुंबं पाहत. ती माल घेत, साठवत, पोलंडपर्यंत पोचवत. 1944 मध्ये त्यांना गाड्यांत कोंडून आउशवित्झला नेलं. इमारतीचा जीर्णोद्धार या शतकाच्या सुरुवातीला झाला. आत गेलो तर आम्हीच तिघं होतो. प्रार्थनेला माणसं उरलेली नाहीत.

त्यानंतर साम्यवादी राजवट आली. बागा आणि तळघरं सरकारी झाली. शेतकऱ्याकडे थोडे तुकडे राहिले, पण द्राक्षं घालायची ती सरकारी कारखान्यातच. तिथं वजनाला महत्त्व होतं. उंचावरचे, हातानं कसायचे उतार ओस पडले आणि ट्रॅक्टर फिरेल अशा सपाटीवर नव्या बागा लागल्या. पहिल्या प्रतीचं आणि चौथ्या प्रतीचं द्राक्ष एकाच टाकीत पडू लागलं. सोव्हिएत युनियन हे हक्काचं गिऱ्हाईक, ते नाक मुरडत नव्हतं. वजनावर भाव देणाऱ्या काट्यापुढं चांगला माल करणाऱ्याचं काय होतं, हे सांगली-कोल्हापूरच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

थांबू शकणारा पैसा

1989 मध्ये राजवट कोसळली आणि पाठोपाठ सोव्हिएत गिऱ्हाईकही गेलं. 1990 मध्ये ह्यू जॉन्सन हे इंग्लंडमधले वाइनवरचे नामवंत लेखक, डेन्मार्कचे पण फ्रान्समध्ये काम केलेले वाइनतज्ज्ञ पीटर विंडिंग-डायर्स आणि काही गुंतवणूकदार यांनी मादमध्ये 'रॉयल टोकाई' ही कंपनी काढली. मादमधली साठाहून अधिक बागायतदार कुटुंबं तीत सहभागी झाली. मेझेश माय, सेंट तमाश, बेचेक, न्युलासो अशा जुन्या प्रतवारीतल्या बागांची नावं पुन्हा बाटलीवर आली. त्यांच्या बरोबर होते इश्तवान सेप्शी, तिथल्याच मातीतले. सरकारी अमदानीतही आपला छोटा तुकडा नीट कसून त्यांनी ही विद्या जिवंत ठेवली होती. आज या पुनरुज्जीवनाचं नाव काढलं की पहिलं नाव त्यांचं निघतं.

गंमत पाहा. पहिल्या काही वर्षांत या नव्या, स्वच्छ, ताज्या चवीच्या वाइन सरकारी परीक्षकांपुढं नापास होऊ लागल्या. कारण काय, तर ही टोकायसारखी लागत नाही! चाळीस वर्षांत मूळ चवच माणसं विसरली होती.

1992 मध्ये आक्सा या फ्रेंच विमा कंपनीनं दिस्नोको ही जुनी इस्टेट घेतली. 1993 मध्ये स्पेनच्या वेगा सिसिलियानं ओरेमुश उभी केली. विमा कंपनी हे नाव ऐकलं आणि मी मनात मान डोलावली. विम्याचा पैसा लांब पल्ल्याचा, तो थांबू शकतो. बँकेच्या पीककर्जाला मार्चअखेर असते.

तळघरात उतरलो. दगडात खोदलेले बोगदे, भिंतींवर काळ्या बुरशीची मऊ गोधडी. ही बुरशी वाइनच्या वाफेवर जगते, तिला तिथं कुणी हात लावत नाही. पिपांच्या रांगांकडे पाहत मी विचारलं, हे एवढं वर्षानुवर्षं पडून, मग पगार कशातून भागतात? भाच्यानं दुभाष्याचं काम केलं. उत्तर आलं की गोड वाइन पिणारे जगभरात कमी झाले आहेत. म्हणून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्याच फुरमिंटची गोडवा नसलेली, लवकर विकली जाणारी वाइन इथले लोक करू लागले. तिनं रोजचा खर्च निघतो, ऑसू तळघरात मुरते. मी म्हटलं, खेळतं भांडवल! भाच्याला त्याचं हंगेरियन काही सांगता येईना.

2002 मध्ये युनेस्कोनं हा प्रदेश जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. पण मी तिथं उभा असताना आठवत होता तो 1994 चा मार्च.

तासगावच्या शाखेत मी व्यवस्थापक होतो. एक माळकरी बागायतदार, सगळे त्यांना आबा म्हणत, माझ्यापुढं बसले होते. बेदाणा उत्तम उतरला होता, पण भाव पडलेला. म्हणाले, "दिवाळीपातूर थांबा साहेब. माल कोल्ड स्टोरेजला हाय, पावती तुमच्याकडं ठेवतो." मला मार्चअखेरचा आकडा दिसत होता. नियमात मुदतवाढीला वाट होती. थोडं लिहिणं, वर थोडं उत्तर देणं एवढंच होतं. मी ते केलं नाही. आबांनी माल मिळेल त्या भावानं घातला आणि कर्ज पै न्‌ पै फेडलं. दिवाळीला भाव चढला. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी बाग तोडली. माझी मात्र त्या वर्षीच्या वसुलीबद्दल पाठ थोपटली गेली. हे मी आजवर कुठल्या कादंबरीतही लिहिलं नाही.

परत आल्यावर डिसेंबरात तासगावला गेलो. आबा ऐंशी ओलांडलेले, दृष्टी अधू, पण बसल्या बैठकीला ताठ. वाइनचा प्रश्नच नव्हता. बुडापेस्टहून आणलेला सुक्या फळांचा डबा त्यांच्या हातात दिला आणि टोकायची सगळी हकीकत सांगितली. धुकं, बुरशी, एकेक मणी खुडणाऱ्या बायका, वर्षानुवर्षं पडून राहणारी पिपं. 1994 च्या मार्चबद्दलही बोललो. ती माफी होती की कबुली, मला सांगता येणार नाही.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सडक्या द्राक्षावर पैसा लावला म्हनता?"

"लावला."

"आनि चार-चार वर्सं थांबले?"

"थांबले."

आबा हसले. डब्यातलं एक जर्दाळू नातवाच्या हातावर ठेवत म्हणाले, "साहेब, तितल्या बँकेत म्यानेजर कोन हुता वो?"